वाऱ्याच्या थडग्यातला माणूस

बार्जवरून, १९ मे १९९८

मडकं सरळ उभं ठेव, मामी. होडीवाला रो ते बगलेत आडवं धरून आणेल. त्याच्या हातून आधी सरळ करून घे, मग चहा विचार. तोंडाशी खारवलेल्या बांगड्यांचा थर आहे. त्यातले दोन त्याच्यासमोरच तव्यावर टाक, म्हणजे मी मासळीच पाठवली असं त्याला वाटेल. तो गेला की दार लावून घे.

खाली कापडात माणूस आहे.

पूर्ण नाही. हाताला लागला तेवढा. डोकं आहे, मांड्यांची हाडं आहेत, एका हाताची बोटं आहेत. माझ्या पांढऱ्या सदऱ्यात बांधला आहे. घाबरू नकोस. तू घाबरत नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी लिहितो.

इथे तो कुणालाच नको होता. बुडालेल्या जहाजातली कुठली वस्तू कुठे पडली होती त्याची चित्रं मी काढतो, हे तुला सांगितलंच आहे. माणूस सापडला तर काम थांबवायचं, सरकारला कळवायचं आणि सरकारची माणसं येईपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही, असा करार आहे. वादळाचे महिने जवळ आले. कंपनीच्या डॉक्टरांनी, म्हणजे खोदकामावरच्या मुख्य साहेबांनी, माझ्या चित्रातली हाडं खोडून टाकायला सांगितली आणि हाडं परत खाली सोडायला सांगितली. मी खोडली. सोडली मात्र नाहीत.

याहून जास्त लिहिता येत नाही. कुठे सापडला, किती खोल, कशाजवळ, यातलं काहीही बाहेर सांगायचं नाही अशी आम्ही सगळ्यांनी सही केली आहे. पत्रं उघडून बघतात. हे रोच्या टोपीत आहे म्हणून एवढं तरी. तूही काही विचारू नकोस. तो फार वर्षं वाट बघत होता, एवढंच समज. आपल्याकडे करतात ते त्याचं कर. तू करशील म्हणून तुझ्याकडेच पाठवला.

तुझा
हिएन


होन साय बेट, २ जून १९९८

हिएन,

समुद्रावरून बेटावर मासळी पाठवणारा तू पहिलाच. रो दोन बांगडे खाऊन गेला आणि जाताना म्हणाला, "तुझा भाचा शहरात शिकून आला खरा, पण बांगडा खारवायचा कसा ते विसरला." मी म्हटलं, "शिकवलं मीच होतं, माझ्याच नावानं शिमगा कर."

मग दार लावलं.

सदरा सोडला नाही मी. वरूनच हात ठेवला. बराच वेळ बसले. तू नाव लिहिलं नाहीस, आणि का लिहिलं नाहीस तेही मला कळलं. तुझ्या सहीची मला काळजी आहे, म्हणून मीही नाव लिहीत नाही. पण तू 'फार वर्षं वाट बघत होता' असं लिहिलंस, आणि माझ्याकडेच पाठवलास, त्यातच सगळं आलं. कासवखडकाच्या पलीकडे तुमचं बार्ज उभं आहे हे इथल्या पोरासोरांनाही दिसतं. तुझ्या मामाची होडी त्याच खडकापलीकडे गेली. या ऑक्टोबरात पंधरा वर्षं होतील.

सगळं रीतीप्रमाणे केलं. टेकडीवरचं वाऱ्याचं थडगं उघडलं. तुझ्या मामाचं शरीर मिळालं नाही म्हणून त्याच्या जागी पुरलेला आतला मातीचा माणूस अजून ओलसर होता, हिएन. तुतीच्या काड्यांच्या सात बरगड्या होत्या तशा होत्या. तू लहान होतास, तुला आठवत नसेल. त्या काड्या तूच वेचून आणल्या होत्यास. भगत म्हणाला, खरा माणूस घरी आला की मातीच्यानं जागा सोडायची. त्याला हातांवर घेऊन आम्ही धक्क्यापर्यंत गेलो आणि पाण्यात सोडला. साखरेसारखा विरघळला. भगतानं मला आधी तीनदा विचारलं, "वहिनी, नक्की ना? मी याच्यातून जीव काढून त्याच्यात घालणार. तो दोनदा हाकेला येत नाही." मी म्हटलं, "नक्की."

तांदळाच्या दारूनं त्यानं हाडं धुतली. बायकोनं बघायचं नसतं, म्हणून मी पाठ करून उभी होते. भगताला हल्ली दिसत नाही, हातानंच चाचपून लावत होता. मध्येच म्हणाला, "फार हलका आहे गं हा." मी म्हटलं, "पंधरा वर्षं मिठात आहे, जड कुठून राहणार." मग तो पुढचं हाड चाचपू लागला.

मी कुणाला सांगितलं नाही. पण थडगं उघडायला भगत लागतो, भगताला खांदेकरी लागतात आणि खांदेकऱ्यांना बायका असतात. दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावरची सुतकाची पांढरी पट्टी बघायला अर्धं बेट लसणीच्या वाफ्याशी उभं. म्हातारी ताम सगळ्यांत शेवटी आली. तुझ्या मामाबरोबर तिचा थोरला होता. ती खाली बसून माझ्याबरोबर लसूण उपटू लागली. दोन वाफे झाल्यावर म्हणाली, "तुझा सापडला म्हणजे माझाही तिथेच असेल. एकाच होडीत होते."

होडीत सात जण होते. बाकीच्या सहांच्या बायका, आया आता रोज येतात. काय सांगू त्यांना?

मला झोप लागते आता. हे तुला सांगायचं राहत होतं.

मामी


बार्जवरून, १६ जून १९९८

मामी,

तुझं पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं.

तामबाईला सांग, इथे दुसरं कुणी नाही. मी खात्रीनं सांगतो आहे. त्यांनी वाट बघू नये. आणि कुणी बार्जकडे येऊ नये. चारी बाजूंना पहाऱ्याच्या बोटी आहेत. जाळी टाकून जहाजातले वाडगे चोरायला गावकरी येतात, असं कंपनीनं वर कळवून ठेवलं आहे.

तुला एक गोष्ट लिहायची होती. रो घाई करतो आहे. पुढच्या खेपेला लिहीन.

झोप लागते हे वाचून बरं वाटलं.

हिएन


होन साय, ११ जुलै १९९८

हिएन,

पुढची खेप आली, त्यानंतरचीही आली. रो टोपी उलटी करून दाखवतो आणि म्हणतो, "बघ, उवासुद्धा नाहीत."

म्हणून मीच लिहिते. तुझं ते 'खात्रीनं' तामला सांगितलं. तामचं म्हणणं, "तुझा भाचा खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. पण ज्यानं तुझ्या नवऱ्याला मासळीच्या मडक्यातून पाठवलं तो खरं मोकळेपणी बोलतो असंही म्हणवत नाही." 

गेल्या अष्टमीला आम्ही बायका तामच्या धाकट्याच्या होडीतून निघालो. नऊ जणी होतो. जाळं नव्हतं, गळही नव्हता; पोरानं ते मुद्दाम किनाऱ्यावर काढून ठेवले होते, कुणी संशय घेऊ नये म्हणून. होडीत पेज होती, उदबत्त्या होत्या आणि जाळायचे कागदी कपडे. बार्जजवळ जाऊ द्या, वरून पाण्यात हाक मारू आणि परत फिरू, एवढंच मागणं होतं.

पहाऱ्याच्या बोटीनं पाण्याचे नळ सोडले आमच्यावर. कागदी कपड्यांचा लगदा झाला. बार्जवरून कुणीतरी कर्ण्यात आपल्या भाषेत बोललं, "मागे फिरा. इथे माणसं नाहीत, फक्त भांडी आहेत." ताम उठून उभी राहिली. तिला धरायला दोघी लागल्या. ती ओरडली, "मग त्या भांड्यांतला भात कोण खात होतं रे?" वर कुणी हसलं. बहुतेक पाणबुडे असतील, परप्रांतातले.

तू कठड्याशी होतास. हातात फळी आणि कागद होता. मी तुला चालीवरून ओळखते. मी हात वर केला. तू पाठ फिरवलीस.

होडी जप्त झाली. तामच्या पोराला दोन रात्री ठाण्यात बसवून ठेवलं. चोरीच्या प्रयत्नाचा कागद केला, त्यावर अंगठा घेतला. त्या कागदात बायकांचा उल्लेख नाही. आम्ही तिथे नव्हतोच.

भगत वारला. या उकाड्यात गेला, दोन दिवस पाणीही घेत नव्हता. मुलगा सायगावात रिक्षा चालवतो, त्याला यातलं काही येत नाही. मातीचा माणूस घडवणारं आता बेटावर कुणी उरलं नाही. मी म्हटलं, माझं काम झालं होतं, नशीब माझं. तामच्या तोंडावर म्हटलं. नको होतं म्हणायला.

तुला काय लिहायचं होतं ते लिही. मी शाळा शिकवलेली बाई आहे. अर्धी ओळ वाचून उरलेली कळत नाही असं समजू नकोस.

मामी


प्रांताच्या गावी, २० ऑगस्ट १९९८

मामी,

काम संपलं. बार्ज गेलं. मी इथे खानावळीच्या माडीवर खोली घेऊन राहतो आहे. हे पत्र टपालानं पाठवतो आहे, टोपीतून नाही. कुणी उघडलं तर उघडू दे.

तू अर्धी ओळ वाचलीस आणि उरलेली चुकीची लावलीस. ती अर्धी मी ठेवली होती, म्हणून चूक माझी आहे.

तो मामा नाही.

आमचं जहाज पाचशे वर्षांपूर्वी बुडालेलं आहे. पोटात वाडग्यांच्या चळती आहेत, गवतात बांधलेल्या, एकावर एक. तो माणूस त्या चळतींच्या खाली होता. वरचा एकही थर हललेला नव्हता. गवतसुद्धा जागच्या जागी होतं. नंतर बुडालेला कुणी त्यांच्याखाली जाऊ शकत नाही. माल सुटून अंगावर आला तेव्हा तो तळात होता. मामाच्या होडीचं तिथे काहीच नाही. मी नेहमी बघायचो, मामी. पहिल्या दिवसापासून बघायचो. म्हणूनच तामबाईला खात्रीनं सांगितलं.

मडकं पाठवताना मला वाटलं होतं की तू त्याला बेवारशांच्या देवळात नेशील, जाळ्यात आलेल्या अनोळखी हाडांना नेतात तसा. तुला तो मामा वाटेल हा विचार मनात आलाच नाही. मी त्याला रोज बघत होतो आणि तो किती जुना ते मला माहीत होतं, तेव्हा ते सगळ्यांनाच माहीत आहे असं धरून चाललो. तुझं पत्र आलं तेव्हा मातीचा माणूस विरघळला होता. झोप लागते असं तू लिहिलं होतंस. मी पुढची खेप म्हणालो. मग त्याच्या पुढची.

तुम्ही आलात तेव्हा मी पाठ फिरवली, कारण डॉक्टर माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांनी विचारलं, "यांना कुणी सांगितलं?" हे काही उत्तर नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

आता ज्याच्यासाठी लिहितो आहे ते. कंपनीनं आपला अहवाल सरकारला दिला. छान छापला आहे, रंगीत. वाडग्यांची दीडशे पानं आहेत. जहाजाच्या माणसांबद्दल एक ओळ आहे: मानवी अवशेष आढळले नाहीत. खाली नकाशे काढणाऱ्यांत माझं नाव आहे. याच अहवालावर त्यांना उत्तरेकडच्या दुसऱ्या जहाजाचा परवाना मिळणार आहे. करार तोच, डॉक्टर तेच.

इथल्या संग्रहालयात उयेन नावाच्या बाई आहेत. पन्नाशीच्या, सारखं खोकतात, डोकं तल्लख आहे. त्यांनी मला बोलावून माझे नकाशे पुढे ठेवले आणि विचारलं, "इथे कागद झिजलाय. काय खोडलंत?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या तोंडी सांगण्याचं मी काय करू? कंपनी म्हणेल, पगारावरून भांडून गेलेला माणूस आहे. हाडं कुठे आहेत?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. त्या म्हणाल्या, "करा. परवान्यावर सही पंधरा सप्टेंबरला आहे."

मी त्यांना सांगितलेलं नाही. तू नाही म्हणालीस तर कधीच सांगणार नाही. टेकडीवरचं थडगं आहे तसं राहील आणि हे पत्र तू चुलीत घाल.

तुझ्यापुढे हे टाकायला नको होतं. पण न टाकता ठरवलं असतं तर पुन्हा मीच तुझ्यासाठी ठरवलं असं झालं असतं.

हिएन


होन साय, ३० ऑगस्ट १९९८

हिएन,

पत्र मिळालं. लगेच उत्तर लिहिलं असतं तर ते तुला वाचता आलं नसतं, म्हणून थांबले.

पहिल्या दिवशी मी टेकडीवर गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले आणि नेहमीसारखी उदबत्ती लावली. मग वाटलं, ही कुणाला लावतेय मी. तीन महिने त्याच्याशी काय काय बोलले होते. छपराचं बोलले. तुझ्या लग्नाचं बोलले. एकदा भांडलेसुद्धा, ऑक्टोबरात वादळाच्या तोंडावर समुद्रात गेला म्हणून. तो परका माणूस सगळं ऐकून घेत होता.

आणि तुझा मामा कुठे आहे? मातीत होता, तिथून मीच काढला. हाडांत घालायला गेले तर हाडं दुसऱ्याची. भगत असता तर विचारलं असतं. 'फार हलका आहे' म्हणाला होता. तेव्हाच कळलं होतं का त्याला? की नव्हतं?

मला तुझा राग आला आहे आणि तो जाणार नाही असं दिसतं. त्या कर्णेवाल्यापेक्षा तुझा जास्त. तो आमचा कुणी नव्हता. 'इथे माणसं नाहीत' असं तो सगळ्यांना ओरडून म्हणाला, आणि 'मामा नाही' हे तू मला तीन महिने म्हणाला नाहीस. दोन्हींचं वजन मी करत बसले होते. फार फरक येत नाही.

तामला सांगितलं. विहिरीवर, सगळ्यांसमोर. मला वाटलं, ती बादली अंगावर फेकेल. तिची होडी गेली ती माझ्या मडक्यापायी. ती म्हणाली, "म्हणजे तुझा नवरा परत हरवला." मग थोड्या वेळानं, "दुसऱ्यांदा हरवलेला जास्त लागतो का गं?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मला वाटलंच." घागर माझ्या डोक्यावर तिनंच चढवून दिली.

त्या बाईंना सांग. येऊ देत.

पण मला आधी दोन गोष्टी कळव. तो कसा पडला होता? आणि त्याच्याबरोबर दुसरं कुणी होतं का?

परवा सातव्या महिन्याची पौर्णिमा जवळ आली म्हणून तांदूळ निवडत होते. भटक्या जीवांसाठी दारात पेज ठेवायची. त्याची पेज घरात ठेवायची की दारात, ते ठरत नाही.

मामी


प्रांताच्या गावी, ३ सप्टेंबर १९९८

मामी,

उयेन बाईंना सांगितलं. आठ तारखेच्या बोटीनं येतील. मला बरोबर आणायला त्या तयार आहेत. मी येऊ नये असं तुझ्या पत्रावरून वाटलं. तसं नसेल तर तार कर.

तो उजव्या कुशीवर होता, गुडघे थोडे वर घेऊन. झोपेत होता की माल अंगावर आल्यावर तसा झाला, हे सांगता येत नाही. उजवा हात डोक्याखाली होता. तुला मिळालेली बोटं त्याच हाताची. चित्र खोडलं तरी माझा हात ते विसरलेला नाही. मी ते पुन्हा काढून बाईंना दिलं आहे.

दुसरं कुणी होतं का ते माहीत नाही. पलीकडच्या भागात मला जाऊ दिलं नाही. तिथली वाळू मोठ्या नळानं एका दिवसात उपसली.

एक गोष्ट होती. त्याच्या कोपराशी एक वाडगा होता. जाड, काठावर टवका उडालेला, आतून झिजलेला. तो माल नव्हता. तो त्याचा जेवायचा होता. डॉक्टरांनी उलटा करून बघितला आणि म्हणाले, हा विकला जात नाही. कठड्यावरून टाकून दिला. मी तो वाचवू शकलो असतो. तेव्हा सदऱ्यात हाडं होती आणि मी दोन्ही हातांनी सदरा झाकत होतो.

पेज घरात ठेव, असं मला वाटतं.

हिएन


होन साय, ८ सप्टेंबर १९९८

हिएन,

मी तार केली नाही. बरं केलंस, आला नाहीस.

उयेन बाई दुपारच्या बोटीनं उतरल्या. बरोबर एक पेटी आणि एक तरुण डॉक्टरीण. खरंच फार खोकतात. मी त्यांना आलं-गूळ दिला. चहा घेताना म्हणाल्या, "तुम्हाला कुणी जबरदस्ती केली नाही ना?" मी म्हटलं, "केली असती तर दार उघडलं नसतं."

त्यांना मी दोन गोष्टी मागितल्या. एक, कागदावर लिहा की तिथे माणूस होता. भांडी नंतर लिहा, आधी माणूस. त्या म्हणाल्या, "माझ्या कागदावर लिहीन. छापील अहवालात येईल की नाही ते माझ्या हातात नाही. परवाना थांबेल की नाही तेही नाही." सरळ बोलली बाई. आवडली मला. दुसरी मागणी, तुमचं बघून झालं की त्याला माझ्याकडे परत पाठवा. त्यावर त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तो देशाच्या मालकीचा होतो." मी म्हटलं, "त्याच्यासाठी मी डोक्याला पांढरं बांधलं आहे. आमच्याकडे ज्यानं पांढरं बांधलं त्याच्या घरचा तो." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. वचन दिलं नाही.

उन्हं उतरल्यावर टेकडीवर गेलो. तामचा पोरगा आणि दोघे खांदेकरी. ताम काठी टेकत वर आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. माती निघाली. भगतानं लावली तशीच हाडं होती, सरळ, माणूस पाठीवर झोपतो तशी. या वेळी मी पाठ केली नाही. मी त्याची बायको नव्हते.

दात सगळे होते, हिएन. एकही किडलेला नाही. तुझा मामा चाळिशीला आला होता, त्याच्या दाढा गेल्या होत्या. हा तुझ्यापेक्षाही लहान असेल. त्या डॉक्टरणीनं तसंच सांगितलं, विशीतला. मी त्याला छपराचं सांगत होते.

बोटं पेटीत ठेवताना मी उयेन बाईंना सांगितलं, हा हात डोक्याखाली होता. त्या म्हणाल्या, पेटीत तसं ठेवता येणार नाही, वेगवेगळ्या पिशव्या कराव्या लागतात. मग पिशव्या केल्या.

घरी येऊन तुझ्या मामाचा वाडगा काढला. निळ्या काठाचा, फळीवर असायचा तो. तांदूळ भरून पेटीवर ठेवला. उयेन बाई म्हणाल्या, "हे पुराव्यात घेता येणार नाही." मी म्हटलं, "पुराव्याचं नाही, वाटेचं आहे." त्यांनी तो आपल्या रुमालात वेगळा बांधून घेतला.

त्या पाहुण्यांच्या खोलीत झोपल्या आहेत. भिंतीपलीकडून खोकला ऐकू येतो. पत्र सकाळी त्यांच्याच हाती देईन, म्हणून अजून बंद केलेलं नाही.

सकाळी. बाई पहिल्या बोटीनं निघत आहेत. पेटी मांडीवर घेऊन बसल्या आहेत, वाडगा पिशवीत. तामही त्याच बोटीनं चालली आहे, ठाण्यात होडीचं विचारायला. तिच्या कागदावर बाईंनी दोन ओळी लिहून दिल्या आहेत. थडगं बुजवायला पोरं आली होती. मी परत पाठवली. आत ठेवायला काही नाही, म्हणून उघडंच राहू दे म्हटलं. आता वाफ्यांना पाणी देते.

मामी